लिस्बनमध्ये एकच दिवस, आणि तोही सोमवार: सहा माणसांनी काय पाहावं?

आबोली

नमस्कार मंडळी. माझी नणंद स्विंडनला असते. दिवाळीनंतर आम्ही तिच्याकडे जातोय आणि परतताना लिस्बनमार्गे येतोय. तिकिटं काढून झाली आहेत, ती बदलता येत नाहीत. रविवारी रात्री उतरणार, मंगळवारी सकाळी पुढचं विमान. म्हणजे हातात नोव्हेंबरातला एक सोमवार.

आम्ही सहाजण. नवरा, मी, मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊचा, सासूबाई सत्तरच्या, त्यांचे गुडघे दुखतात. आणि सासरे, वय ७६. ही सगळी धडपड खरं तर त्यांच्यासाठी आहे. १९६० साली त्यांनी सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळा, पूर्ण केलं. सकाळी पोर्तुगीज शाळा, दुपारी देवळाच्या अग्रशाळेत मराठी. पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला आणि ती भाषा त्यांच्या तोंडून बंद झाली, पण पोटातून गेली नाही. भाजीवाल्याचा हिशेब करताना आजही ते मनात पोर्तुगीज पाढे म्हणतात, ओठ हलताना दिसतात. साठ वर्षांत त्या भाषेत कोणाशी बोललेले नाहीत.

नवऱ्याने आठ ठिकाणांची यादी केली आहे: बेलेंचा मठ, बेलेंचा बुरूज, दर्यावर्दींचं स्मारक, किल्ला, सांता जुश्ताची लिफ्ट, ट्राम, मत्स्यालय, टाइल्सचं संग्रहालय. मला वाटतं, एवढं केलं तर दिवस धावण्यात जाईल आणि सासरे कोणाशी दोन शब्द बोलायचे राहतील. तुम्ही कोणी गेला असाल तर सांगा, काय ठेवावं आणि काय सोडावं? दुसरा प्रश्न सासूबाईंचा. सोमवार त्यांचा शिवराक (मांस-मासळी-अंडं वर्ज्य) असतो, तो त्या परदेशातही मोडणार नाहीत.

मुशाफिर_म्हापसा

आबोलीताई, यादीतली तीन नावं आधी खोडा. बेलेंचा मठ, म्हणजे जेरोनिमोसचा, सोमवारी बंद असतो, टाइल्सचं संग्रहालयही बंद. बुरुजाचं काम काढलेलं असतं, उघडा असला तरी सोमवारी नाही. किल्ला आणि मत्स्यालय सोमवारी उघडी असतात.

येण्याजाण्याचं सांगतो. प्रत्येकाला वेगळं नवेगांत कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. त्यावर २४ तासांचं तिकीट भरा, मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात येतं. विमानतळावरूनच लाल मेट्रो सुटते.

२८ नंबरची ट्राम मार्तिम मोनीझला पकडू नका. तिथे तासभर रांग असते आणि आत उभं राहायलाही जागा नसते, आजींचे हाल होतील. दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीकला प्राझेरिश दफनभूमीपाशी जा. सकाळी साडेआठच्या आत गेलात तर सगळ्यांना बसायला मिळेल. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, त्या ट्राममध्ये पाकीटमार फार.

तिसरी_घंटा

लिस्बनला जाऊन सोमवार पाळणार! आजींना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

सुरंगी

मी शिक्षणासाठी तीन वर्षं तिथे होते, त्यामुळे जेवणाचं मी सांगते.

ताई, सगळ्यात आधी: पास्तेल द नाता हा छोटा गोड टार्ट, ज्यासाठी सगळं जग बेलेंला रांग लावतं, त्यात अंड्याचे पिवळे बलक असतात. आपल्या बिबिंकेसारखंच. जुन्या मठांत कपड्यांना खळ द्यायला पांढरं वापरत आणि उरलेल्या पिवळ्याचे गोड पदार्थ करत, असं तिथे सांगतात. त्यामुळे आजींना सोमवारी ते चालणार नाही. काल्दु व्हेर्द नावाचं हिरव्या पाल्याचं सूप सगळीकडे मिळतं, पण वर शोरीसची (डुकराच्या सॉसेजची) चकती टाकलेली असते, आणि ती काढून टाकली तरी चव उतरलेलीच असते. त्यापेक्षा 'सोपा द लेगुमिश' मागा आणि मांस नाही ना, हे विचारून घ्या. पाव, चीज, ऑलिव्ह, संत्री कुठेही मिळतील. मार्तिम मोनीझच्या मागच्या गल्ल्यांत भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं ओळीने आहेत, तिथे डाळ-भात मिळून जाईल.

आणि नोव्हेंबरात जाताय म्हणजे नशीबवान आहात. रस्त्यारस्त्यावर चेस्टनट भाजणाऱ्यांच्या गाड्या लागतात, सगळ्या गल्लीत पांढरा धूर असतो. कागदाच्या पुडीत गरम गरम देतात. आजींना सांगा, फणसाची बिकणां निखाऱ्यावर भाजली की जशी लागतात तशीच चव, फक्त थोडी गोड. शंभर टक्के शिवराक.

खाजन

मला एक विचारायचं आहे आणि राग मानू नका. मठात काय आहे? वास्को द गामाची समाधी. स्मारकावर कोण आहेत? तोच गामा, आफोंसो द आल्बुकर्क, फ्रान्सिस झेवियर. ज्यांच्या येण्याने आपली देवळं नदीपार अंत्रुजात (फोंड्याकडे) न्यावी लागली, त्यांच्या दगडांसमोर उभं राहून आपण मुलांचे फोटो का काढायचे? मी दोन वर्षांपूर्वी कामासाठी लिस्बनला चार दिवस होतो, बेलेंला गेलो नाही. मठ बंद आहे हे आबोलीताईंच्या पथ्यावरच पडलं असं मी म्हणेन.

मुशाफिर_म्हापसा

खाजन, तुमची भावना समजते. पण न पाहून काय साधतं? मी मठ पाहिला आहे. १५०१ मध्ये काम सुरू झालं, पैसा मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून आला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या मिऱ्यांचा पैसा त्या नक्षीत आहे. गामा कोचीला १५२४ मध्ये वारला, हाडं नंतर नेली. मला तरी तिथे उभं राहून अभिमान वाटला नाही आणि लाजही वाटली नाही. आपल्या वाट्याचा इतिहास कुठे जाऊन पोचला ते कळलं, इतकंच.

पारिजात

मी फोंड्याला इतिहास शिकवते, म्हणून दोघांच्या मध्ये पडते.

खाजनदादा, लिस्बनमध्ये ती बाजू बघायचीही सोय आहे, फक्त पर्यटकांच्या यादीत नसते. रोसियो चौकात उत्तरेला खांबांचं पांढरं नाट्यगृह आहे. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० मध्ये जे न्यायासन बसलं त्याची सूत्रं तिथून हलत. तिथून चालत दोन मिनिटांवर सांव दोमिंगुश चर्च. १५०६ मध्ये त्या परिसरात ज्यूंची कत्तल झाली, आज बाहेर त्यांचं स्मारक आहे. चर्च १९५९ मध्ये आगीत जळालं. छप्पर नवीन घातलं, पण तडकलेले खांब आणि जळक्या भिंती तशाच ठेवल्या आहेत. आत प्रवेश मोफत, चढ नाही, आजींना सोपं.

आणि रोसियोपासून नदीपर्यंतचे सरळ रस्ते पाहताना मुलांना भूकंपाची गोष्ट सांगा. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी लोक चर्चमध्ये होते. आधी धरणीकंप, मग नदीतून लाटा, मग कित्येक दिवस आग. राजाचा मंत्री पोंबालने पाडापाडी करून तो सगळा भाग, बाईशा म्हणतात त्याला, आखून नव्याने बांधला. त्याच पोंबालने १७७४ मध्ये गोव्यातलं इन्क्विझिशन बंद केलं. त्याची सत्ता गेल्यावर ते पुन्हा सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं संपलं. एकाच माणसाच्या खुणा इथेही आणि तिथेही. माझ्या नववीच्या मुलांना हा धागा जुळला की ते गप्प होऊन ऐकतात.

खाजन

पारिजातताई, हे मला माहीत नव्हतं. चार दिवस रोसियोवरूनच ये-जा करत होतो. मग त्या शहरात आपल्या सत्याग्रहींचं काही आहे का? आमच्या शेजारच्या काकांनी आग्वादच्या तुरुंगात दीड वर्ष काढलं होतं.

पारिजात

शहरात आल्जुबचा जुना राजकीय तुरुंग आता संग्रहालय आहे, पण सोमवारी बंद. आपल्या लोकांना ठेवलं होतं ते पेनीशच्या किल्ल्यात, लिस्बनच्या उत्तरेला समुद्रकाठी. १९४६ च्या गोवामुक्ती चळवळीनंतर तिचे नेते त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हांना तिथेच पाठवलं. तिथेही आता संग्रहालय आहे. एका दिवसात आबोलीताईंना जमणार नाही, पण तुम्ही परत गेलात तर अवश्य जा.

कुळागर

मुलांसाठी एक खेळ सुचवतो. आमच्या घरी यशस्वी झाला होता. एक वही द्या आणि दुकानांच्या पाट्यांवर आपले शब्द शोधायला सांगा. चावी, बटाटा, पाव, पगार, बादली, फीत, कोबी, परात, घमेलं, बिजागरी, लिलाव, अननस, पाद्री. आणि आपला पाववाला पोदेर! तिथे बेकरीला 'पादारिया' म्हणतात. खिडकीला जनेल तर आपण गोव्यात म्हणतोच. सर्वात जास्त शब्द शोधेल त्याला बक्षीस.

मुशाफिर_म्हापसा

मेज आणि साबणही घाला की.

कुळागर

मेज घालू नका. फारसीत तोच शब्द आहे, आपल्याकडे कुठून आला यावर वाद आहे. साबणाचंही तसंच, अरबीत साबून आहेच. मुलांना खात्रीचेच शब्द द्यावेत.

तिसरी_घंटा

'तुरुंग' राहिला. तोही तिकडचाच, 'त्रोंकु' म्हणजे लाकडाचा खोडा. खाजनच्या काकांना सांगा, शब्द आणि खोली दोन्ही एकाच मालकाची.

खाजन

काका हसतील. संध्याकाळी नक्की सांगतो.

सुरंगी

शब्दांचा विषय निघालाच आहे तर: ब्रागा नावाचं शहर उत्तरेला आहे, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात गोव्यातून गेलेली सोळाव्या शतकातली हस्तलिखितं आहेत. रामायण-महाभारतातल्या कथा, कोकणीत आणि मराठीत, रोमी लिपीत उतरवलेल्या. त्या मूळच्या आपल्याच गावांतल्या कोणाच्या तरी पोथ्या होत्या. एकदा प्रदर्शनात त्यांच्या पानांच्या छायाप्रती पाहिल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विषयाला सोडून आहे, पण सांगावंसं वाटलं.

वळेसर

आबोलीताई, माझं ऐकाल तर निघण्याआधी पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझ संस्थेच्या दारात सगळ्यांनी पाच मिनिटं उभं राहा. निळ्या टाइल्सवर कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत, १९३५ चे. लिस्बनचं टाइल्सचं संग्रहालय बंद असलं तरी मुलांना सांगता येईल की हे काम आपल्या घरच्या वाटेवरही आहे. लिस्बनमध्ये सांता लुझियाच्या गच्चीवरही निळ्या टाइल्स आहेत, भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक त्यावर काढलाय. २८ नंबर तिथूनच जाते. बाकं आहेत, खाली आल्फामा या जुन्या वस्तीची लाल कौलं आणि नदी. आजींना बसवा आणि तुम्ही अर्धा तास फिरा.

अजून एक, गुडघ्यांसाठी. बाईशा-शियादु मेट्रो स्टेशनात लांबच लांब सरकते जिने आहेत. खालून शिरा आणि वर शियादुला बाहेर पडा, सगळा चढ वाचतो. सांता जुश्ताच्या लिफ्टच्या रांगेत उभं राहायची गरजच नाही. आणि रस्त्यांवर पांढऱ्या चुनखडीचे लहान चौकोनी दगड बसवलेले असतात, पावसात तेलासारखे गुळगुळीत होतात. रबरी तळव्यांचे बूट घाला.

चोडणकार

कोणी फेरीबोटीचं बोललंच नाही! काईश दु सोद्रेहून पलीकडच्या काशिल्याशला बोट जाते, दहा मिनिटांत. आम्ही चोडणचे लोक दिवसातून दोनदा फेरीत बसतो, म्हणून मला वाटलं यात काय पाहायचं. पण शहर सगळ्यात चांगलं दिसतं ते नदीतूनच. टेकड्यांवरची घरं, वर किल्ला, एका बाजूला लाल पूल. तो १९६६ चा, आधी हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, १९७४ च्या क्रांतीनंतर २५ एप्रिल नाव पडलं. तेजो नदीचं पाणी संध्याकाळी मांडवीसारखंच मातकट सोनेरी होतं. बोटीत पर्यटक कमी, कामावरून परतणारे लोक जास्त. तुमच्या सासऱ्यांना कोणाशी बोलायचं असेल तर ती जागा. २४ तासांचं तिकीट घेताना काशिल्याशची बोट धरलेलं मागा. पैसे थोडे जास्त, पण घ्या.

आबोली

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. सासऱ्यांना धागा वाचून दाखवला. पेनीशचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नवऱ्याने यादी पुन्हा लिहिली: ट्राम, सांता लुझिया, रोसियो, बोट. मत्स्यालय मुलाला हवं होतं, पण ते दुसऱ्या टोकाला आहे. त्याला शब्दांच्या वहीवर राजी केलंय. परत आल्यावर लिहिते.

आबोली (तीन आठवड्यांनी)

आलो. सविस्तर लिहिते, कारण ज्यांनी सांगितलं त्यांना कळायला हवं.

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी प्राझेरिशला होतो. ट्राममध्ये सहाही जणांना खिडक्या मिळाल्या, मुशाफिरदादा, तुमचे उपकार. गाडी आतून सगळी लाकडी, चालक उभ्यानेच हँडल फिरवतो, वळणावर घरांच्या भिंती हाताला लागतील इतक्या जवळ येतात. सासूबाईंनी पर्स दोन्ही हातांनी धरली होती ती उतरेपर्यंत सोडली नाही.

सांता लुझियाला उतरलो आणि पाऊस आला. मुलगा त्या दगडांवर सपशेल आपटला. बूट नवीन, तळवे गुळगुळीत, दोष माझाच. गुडघा सोलला, पण वही भिजू दिली नाही. त्याचे सत्तावीस शब्द झाले, बिजागरी सोडून सगळे मिळाले. बिजागरीसाठी त्याने एका हार्डवेअरच्या दुकानात शिरून दाराकडे बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला 'दोब्रादिसा'. कुळागरदादा, तुमचा खात्रीचा शब्द तिथे कोणी वापरत नाही हो!

आता सासऱ्यांचं. चेस्टनटच्या गाडीवर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या देशात पोर्तुगीज उच्चारलं, 'क्वांतु कुश्ता?' बाईने भराभर उत्तर दिलं आणि त्यांना एक अक्षर कळलं नाही. तिथले लोक स्वर गिळून बोलतात. शाळेत बाईंनी प्रत्येक अक्षर सुटं शिकवलेलं. ते मागे सरले, पैसे मुलीने दिले. त्यानंतर दोन तास ते कोणाशीच बोलले नाहीत, आमच्याशीही नाही. मला वाटलं, त्यांना इथे आणण्यात माझी चूक झाली. सासूबाई मात्र पुडी संपेपर्यंत 'बिकणांच ही' म्हणत राहिल्या.

दुपारी रोसियो. नाट्यगृहासमोर उभं राहून मुलीने पारिजातताईंची पोस्ट मोठ्याने वाचली. मग सांव दोमिंगुश. आत शिरल्यावर सगळे आपोआप हळू बोलायला लागले. खांब असे उडालेले आहेत की हात लावावासा वाटत नाही. सासरे बराच वेळ भिंतीकडे बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, "रंग काढला नाही हे बरं केलं." त्या दिवसातलं त्यांचं हे दुसरं वाक्य.

मग बोट. नोव्हेंबरात सव्वापाचलाच सूर्य बुडतो, म्हणून चारला निघालो. समोरच्या बाकावर एक आजी आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू. नातवाच्या मांडीवर वही, तो काहीतरी पाठ करत होता आणि अडत होता. मी काय ते ओळखलं नाही, सासऱ्यांनी ओळखलं. सातचा पाढा. मुलगा अडला तिथून त्यांनी खालच्या आवाजात उचललं, 'सेत वेझिश ओइतु, सिंक्वेंता इ सेइश'. त्या आजींनी मान वर केली आणि पुढची ओळ म्हटली. मग दोघांनी मिळून, तालावर, शाळेत म्हणतात तसं, सात दाहे सत्तरपर्यंत. नातू आळीपाळीने दोघांकडे बघत होता. आजींनी विचारलं कुठले, सासरे म्हणाले गोवा. पाढे झाले होते म्हणून असेल, त्यानंतर आजी सावकाश, शब्द तोडून बोलल्या, आणि यांना कळलं. दहा मिनिटांचा प्रवास. काशिल्याशला उतरताना त्या हात हलवून गेल्या. आम्ही उतरलो आणि त्याच बोटीने परत आलो, कारण सासऱ्यांना पुन्हा बसायचं होतं.

बेलें राहिलं. याची मुलीला रुखरुख होती, म्हणून नवरा तिला अंधार पडताना १५ नंबरच्या ट्रामने घेऊन गेला. स्मारकासमोर जमिनीवर जगाचा संगमरवरी नकाशा आहे, त्यावर ती उभी राहिली. खाजनदादा, तिने फोटो काढला आहे, पण पुतळ्यांकडे पाठ करून, आपल्या किनाऱ्यावर पाय ठेवून. तिचं तिनेच ठरवलं. येताना नाताचा डबा आणला. सासूबाईंनी तो रात्री उघडू दिला नाही. पहाटे विमानतळावर मंगळवार उजाडला, तेव्हा पहिला त्यांनीच खाल्ला. वर दालचिनी टाकून.

चोडणकार

बोटीचं वाचून अंगावर काटा आला. आज चोडणच्या फेरीत बायकोला वाचून दाखवलं.

कुळागर

जुन्या कोशांत 'बिसाग्रा' आहे हो, आजीच्या पिढीला विचारायला हवं होतं! तरी पोराला माझ्याकडून बक्षीस, घरच्या बागेतले अननस पाठवतो.

सुरंगी

स्वर गिळण्याचं अगदी खरं. मला पहिले सहा महिने काही कळत नव्हतं. सासऱ्यांना सांगा, त्यांचं काहीच चुकलं नाही.

खाजन

मुलीचा तो फोटो मला पाहायचा आहे. आणि सासऱ्यांना विचाराल का, त्या शाळेचं एखादं पुस्तक अजून घरात आहे का? आमच्या काकांना ते हातात घेऊन बघायचंय.

आबोली

पुस्तक वाळवीने नेलं. पाटी आहे, दगडी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्यात फुटलेली. सासरे म्हणतात, रविवारी काकांना घेऊन रायबंदरला या. फेरीच्या धक्क्यावर उतरलात की फोन करा, ते स्वतः न्यायला येतील.